नवा एसी आला आणि माझं डोकं चालेनासं झालं

टाचणी | सोमवार, रात्री ९:४०

आमच्या मजल्यावर साठेक माणसं एकाच हॉलमध्ये बसतात. मध्ये भिंत नाही, बसल्यावर छातीपर्यंत येतील एवढी पार्टिशन्स तेवढी आहेत. मी हिशेबाच्या टीममध्ये. दिवसभराचं काम एकच: या स्क्रीनवरचा आठ आकडी व्हाउचर नंबर डोळ्यांनी उचलायचा, डोक्यात धरायचा आणि त्या स्क्रीनवर जाऊन जुळतोय का ते बघायचं.

जुना एसी घरघरायचा. सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत एकच सूर. आम्ही तीन वर्षं ॲडमिनच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात तो काढून नवा बसवला. त्यानंतरच्या सोमवारी येऊन बसले तर काय ती शांतता! पहिला अर्धा तास मी नुसती खुर्चीत मान टाकून बसले होते.

मग मागच्या चौथ्या रांगेतला सहकारी फोनवर बोलायला लागला. त्याला मी तीन वर्षं ओळखते, पण त्याचा आवाज माझ्या जागेपर्यंत कधी आला नव्हता. आता त्याचा कर्जाचा हप्ता कुठे अडलाय, मेहुणा काय म्हणाला, सगळं मला ठाऊक. आणि तो "चौऱ्याहत्तर" म्हणाला रे म्हणाला की माझ्या डोक्यातले ५-८-३ गळून पडतात. परत पहिली स्क्रीन, परत तोच नंबर. आज एक नंबर मी पाच वेळा उचलला.

ॲडमिनला सांगितलं तर त्यांनी मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप काढून नाकासमोर धरलं. "मॅडम, आधी ५२ डेसिबल यायचं, आता ४३ येतंय. आवाज कमी झालाय." आकडा खोटा नाही, मी स्वतः बघितला. मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? आणखी कुणाला असं झालंय?

---

सरळसोट | सोमवार, रात्री ९:५२

हेडफोन घाला. विषय संपला.

---

टाचणी | सोमवार, रात्री १०:०५

@सरळसोट, तासाभरात कान दुखायला लागतात. शिवाय हेडफोन दिसला की लोक मागून येऊन खांद्यावर टकटक करतात. त्यानं जे दचकायला होतं ते वेगळंच.

---

खडूस_ऑडिटर | सोमवार, रात्री १०:११

+१. मी आकडे जुळवत असताना शेजारी कुणी मोठ्यानं आकडे वाचायला लागलं की मी उठतो आणि पाणी पिऊन येतो. वाद घालण्यापेक्षा पाणी बरं.

---

ध्वनीवेडा | सोमवार, रात्री ११:२०

टाचणीताई, मनाचे खेळ नाहीत. कारण तुमच्या छतातल्या एसीत आहे. सभागृहं आणि ऑफिसांच्या आवाजाची व्यवस्था बघणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे जरा लांबण लावतो.

जुना एसी त्रास देत होता हे खरंच, पण एक काम तो फुकटात करत होता. लोकांचं बोलणं झाकत होता. आम्ही याला मास्किंग म्हणतो. कानावर आलेलं बोलणं समजतं की नाही हे ते किती मोठं आहे यावर ठरत नाही. भोवतालच्या आवाजाच्या किती वर आहे यावर ठरतं. नेहमीच्या सुरात बोलणाऱ्याचा आवाज एक मीटरवर ५७ ते ६० डेसिबल असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलनं उतरतो. हॉलमध्ये छत आणि भिंती आवाज परत फेकतात, म्हणून तिथे त्याहून कमी उतरतो. धरून चाला, चौथ्या रांगेतून तुमच्यापर्यंत तो ४६-४७ होऊन येतो. एसी ५२ वर होता तेव्हा तो बुडालेला होता. आता पाणी ४३ पर्यंत ओसरलं आणि खडक उघडा पडला. ॲपला फक्त पाण्याची पातळी दिसते.

खडक किती उघडा आहे त्याचं माप वेगळं आहे: स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स, एसटीआय. शून्य म्हणजे काही कळत नाही, एक म्हणजे शब्द अन् शब्द कळतो. फिनलंडच्या वाल्तेरी होंगिस्तो यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून २००५ मध्ये एक आलेख मांडला. एसटीआय ०.२ च्या खाली असेल तर बोलण्यानं कामावर जवळजवळ काही होत नाही. तिथून पुढे कामगिरी घसरायला लागते, ०.३ ते ०.५ च्या पट्ट्यात सर्वात वेगानं, आणि ०.६ च्या पुढे घसरण थांबते, कारण तोवर सगळंच कळायला लागलेलं असतं. त्यांच्या आलेखात जास्तीत जास्त घट साधारण ७ टक्के.

या आलेखाचा आकार मी प्रत्येक गिऱ्हाइकाला काढून दाखवतो. एखाद्यानं आवाज शोषणारी महागडी पॅनेल्स लावून ०.९ चा हॉल ०.७ वर आणला, तर पैसे गेले आणि बसणाऱ्यांना कणभर फरक कळला नाही. तेच ०.५ चं ०.३ करा, लोक स्वतःहून येऊन सांगतात.

मोकळ्या ऑफिसांसाठी आयएसओ ३३८२-३ नावाचं मानक आहे, पहिली आवृत्ती २०१२ ची आणि सुधारित २०२२ ची. त्यात 'डिस्ट्रॅक्शन डिस्टन्स' मोजतात, म्हणजे बोलणाऱ्यापासून किती मीटर लांब गेलं की एसटीआय ०.५ च्या खाली उतरतो. २०१२ च्या आवृत्तीत पाच मीटरच्या आत असेल तर चांगला हॉल, दहाच्या पुढे गेलं तर वाईट असं धरलं होतं. तुमच्याकडे एसी बदलायच्या आधी आणि नंतर हे मोजलं असतं, तर ॲडमिनचा मोबाइल खिशातून बाहेरच आला नसता.

---

सरळसोट | सोमवार, रात्री ११:३१

म्हणजे तक्रार केली नसती तर बरं झालं असतं 😄

---

ध्वनीवेडा | सोमवार, रात्री ११:३४

अहो, ५२ ची घरघर पण वाईटच. माणसं तिच्यावरून बोलायला आवाज चढवतात. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. एकानं चढवला की दुसरा चढवतो, आणि संध्याकाळी घसा कुणाचाच जागेवर नसतो.

---

अर्धवट_पीएचडी | मंगळवार, सकाळी ७:१५

दादांनी छताची बाजू सांगितली, मी डोक्याची सांगते.

आकडे क्रमानं धरून ठेवायचं काम आपण मनातल्या मनात पुटपुटूनच करतो. ॲलन बॅडली यांच्या स्मृतीच्या मॉडेलमध्ये या पुटपुटीच्या जागेला फोनॉलॉजिकल लूप म्हणतात. दोन सेकंदांची फीत गोल फिरत राहावी तसं ते चालतं. गोची अशी की कानावर पडलेलं बोलणं परवानगी न विचारता याच प्रदेशात शिरतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

१९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी लोकांना पडद्यावर अक्षरं दाखवली आणि मागे जर्मन उतारा वाचून दाखवला. ज्यांना दाखवली त्यांना जर्मन येत नव्हतं आणि आवाजाकडे लक्ष देऊ नका असंही सांगितलेलं होतं. तरीही अक्षरांचा क्रम सांगताना चुका वाढल्या. पुढे सालामे आणि बॅडली यांनी दाखवलं की बोलण्यानं आकडे विस्कटतात, पण नुसत्या खरखरीनं तसं होत नाही.

मग बोलण्यात असं काय असतं? डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की बदल असतो. एकच अक्षर परत परत ऐकवलं तर फारसं बिघडत नाही. वेगवेगळी अक्षरं ऐकवली की बिघडतं. उलटं वाजवलेलं बोलणंही तेवढंच त्रास देतं. बदलत्या आवाजाचा स्वतःचा एक क्रम असतो, आणि तो तुमच्या आकड्यांच्या क्रमाला धक्के मारतो. टाचणीच्या सहकाऱ्यानं "चौऱ्याहत्तर" च्या जागी मेहुण्याचं नाव घेतलं असतं तरी ५-८-३ बहुधा गळालेच असते. आवाज थोडा लहान-मोठा केल्यानंही या कामात फार फरक पडत नाही.

पण वाचून समजून घ्यायचं काम असेल तर गणित बदलतं. तिथे अर्थ नडतो. मार्टिन, वोगाल्टर आणि फोरलानो यांच्या १९८८ च्या प्रयोगांत वाचन चालू असताना अर्थ लागणाऱ्या बोलण्याचा उपद्रव न कळणाऱ्या भाषेपेक्षा जास्त निघाला. म्हणजे एकाच फोनवरच्या गप्पांनी आकडे जुळवणाऱ्याचं वेगळ्या वाटेनं बिघडतं आणि करार वाचणाऱ्याचं वेगळ्या वाटेनं.

खात्री करायची असेल तर घरी करून बघा. कुणाला तरी सात-सात आकड्यांच्या तीस चिठ्ठ्या लिहायला सांगा. प्रत्येक चिठ्ठी सात सेकंद बघायची, दहा सेकंद थांबायचं, मग आकडे लिहायचे. दहा चिठ्ठ्या शांततेत, दहा पंख्याच्या आवाजात आणि दहा आपल्याला अजिबात न येणाऱ्या भाषेतल्या बातम्या लावून. थांबायच्या त्या दहा सेकंदांत ओठांकडे लक्ष ठेवा.

---

जुनाट | मंगळवार, सकाळी १०:४०

हे सगळं नाजूक झालंय. आम्ही चाळीस टाइपरायटरांच्या खडखडाटात नोकरीची उमेदीची वर्षं घालवली. फोन वाजतायत, शिपायांची हाकाहाक चाललीये, साहेब काचेआडून ओरडतायत. कुणी डेसिबल मोजले नाहीत. सवय होते हो.

---

खडूस_ऑडिटर | मंगळवार, सकाळी ११:०२

काका, चाळीस टाइपरायटर हाच तुमचा एसी होता.

---

ध्वनीवेडा | मंगळवार, सकाळी ११:१०

खडूस यांनी एका ओळीत सांगितलं ते मला तीन परिच्छेद लागले असते. माणसांच्या आवाजाचंही तसंच आहे. जोन्स आणि मॅकन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की एकावर एक जास्त आवाज मिसळत गेले की त्रास कमी होतो, कारण सगळ्यांचा मिळून एक गुळगुळीत कल्लोळ तयार होतो. भरलेल्या हॉलपेक्षा निम्मा रिकामा हॉल जास्त छळतो तो यामुळेच. सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑफिसात चारच माणसं असतात आणि त्यातली दोन बोलत असतात, तेव्हा आठवून बघा.

---

अर्धवट_पीएचडी | मंगळवार, दुपारी १:२५

जुनाटकाका, सवय होते असं *वाटतं*, ही खरी भानगड आहे. इव्हान्स आणि जॉन्सन यांनी २००० मध्ये चाळीस महिला कारकुनांवर प्रयोग केला. काहींना तीन तास मोकळ्या ऑफिससारखा मंद आवाज, काहींना शांतता. नंतर विचारलं तर आवाजात बसलेल्यांनी आवाज होता एवढं सांगितलं, पण ताण दोन्ही गटांनी सारखाच सांगितला. लघवी तपासली तर आवाजातल्या गटाचं ॲड्रिनलिन (ताणात वाढणारं संप्रेरक) वाढलेलं. मग दोन्ही गटांना न सुटणारी कोडी दिली. आवाजातून आलेल्यांनी लवकर नाद सोडला.

त्यातली माझी आवडती नोंद खुर्चीची आहे. आवाजात बसलेल्या बायकांनी काम करताना खुर्ची-टेबल पुढेमागे करणं, बसण्याची ढब बदलणं कमी केलं. लक्ष टिकवायच्या नादात शरीर आखडून धरलं. टाचणी, संध्याकाळी तुझे खांदे दुखतात का गं?

---

टाचणी | मंगळवार, दुपारी १:४०

दुखतात. मी उशीला दोष देत होते.

---

जुनाट | मंगळवार, दुपारी २:०८

मला स्पॉन्डिलायटिस आहे. १९८८ पासून. असो.

---

लाल_शाई | मंगळवार, दुपारी ४:३०

मुद्रितशोधन करते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. एक शंका आहे. मोकळ्या ऑफिसात बोलण्यामुळे उत्पादकता ६६ टक्क्यांनी घटते असा आकडा मी कितीतरी सादरीकरणांत पाहिलाय. वर ७ टक्के म्हटलंय. दोन्ही एकदम खरे कसे?

---

अर्धवट_पीएचडी | मंगळवार, सायंकाळी ५:०५

तो ६६ सगळीकडे फिरतो आणि बहुतेक जण बॅनबरी आणि बेरी यांच्या १९९८ च्या लेखाकडे बोट दाखवतात. लेख खरा आहे, चांगला आहे. त्यात माणसांना गद्य उतारा लक्षात ठेवायला दिला होता आणि तोंडी हिशेब करायला दिले होते, मागे बोलणं आणि ऑफिसचे आवाज. परिणाम झालाच. पण प्रयोगशाळेतल्या एका स्मरणाच्या कामातली घट म्हणजे तुमच्या आठ तासांतली घट नव्हे. दिवसात तुम्ही मेल लिहिता, जिना चढता, कुणाची तरी वाट बघता. विकणाऱ्याला ६६ आवडतो, कारण त्यावर पॅनेल्स खपतात. (दादा, तुम्हाला नाही म्हटलं.)

याच जोडगोळीनं २००५ मध्ये कर्मचाऱ्यांना विचारलं तेव्हा ९९ टक्के लोक म्हणाले की आवाजानं लक्ष विचलित होतं. सर्वात त्रासदायक म्हणजे मागचं बोलणं, आणि रिकाम्या टेबलावर वाजत राहिलेला फोन. आणि सवय झाल्याचा पुरावा त्यांना त्यात सापडला नाही. पण हे लोकांचं म्हणणं झालं, चुका मोजलेल्या नाहीत. दोन्ही वेगळं ठेवायचं.

---

ध्वनीवेडा | मंगळवार, सायंकाळी ५:१२

मला म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पण पूर्वी तो ६६ वापरलाय. लाजेनं काढून टाकला.

---

मोरपीस | मंगळवार, रात्री ८:५०

मी उलट्या गटातली. जाहिरातींचा मजकूर लिहिते. निःशब्द खोलीत मला एक ओळ सुचत नाही. गलबला हवा, फक्त माझ्याशी संबंध नसलेला. माझ्यात काही बिघाड आहे का?

---

अर्धवट_पीएचडी | मंगळवार, रात्री ९:३०

बिघाड नाही. मेहता, झू आणि चीमा यांनी २०१२ मध्ये ५०, ७० आणि ८५ डेसिबलच्या आवाजांची तुलना केली. आवाज कसला, तर कॅफेतली वर्दळ, रहदारी आणि लांबचं बांधकाम यांची भेळ. कल्पकतेच्या कामात ७० वाले पुढे गेले, ८५ वाले मागे पडले. त्यांचं स्पष्टीकरण असं की थोडा अडथळा आला की विचार तपशिलावरून सुटतो आणि जरा लांबून बघायला लागतो.

पण त्या भेळीत कुणाचंही वाक्य धड ऐकू येत नव्हतं हे विसरू नकोस. आणि टाचणीला लांबून बघून चालत नाही. तिला आठच्या आठ आकडे हवेत.

---

मोरपीस | मंगळवार, रात्री ९:४४

मग मला अमुक गाणं लावलं तर सुचतं आणि तमुक लावलं तर नाही, हे पण शब्दांमुळे?

---

अर्धवट_पीएचडी | मंगळवार, रात्री ९:५८

शब्दांच्या कामाला शब्दांचं गाणं नडतं, वाद्यसंगीत कमी नडतं. आवडतं असलं म्हणून सूट मिळत नाही. पेरहॅम आणि व्हिझार्ड यांनी २०११ मध्ये आवडतं आणि नावडतं संगीत लावून क्रम आठवायला दिला, दोन्हींनी सारखंच बिघडवलं. आवडत्यानं मजा येते, ती वेगळी.

---

भिरभिरा | मंगळवार, रात्री १०:४०

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. पांढरी खरखर (रेडिओचं स्टेशन सुटल्यावर येते तशी) कानात लावली की मी तासभर एका जागी बसू शकतो. बायकोला वेड लागायची पाळी येते. सोडरलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांवर प्रयोग केला, त्यात एडीएचडी असलेल्या मुलांचं स्मरण खरखरीत सुधारलं आणि बाकीच्या मुलांचं बिघडलं. त्यामुळे "सगळ्यांसाठी एक आवाज" वाल्यांनी जरा थांबावं.

---

लाल_शाई | मंगळवार, रात्री ११:०५

माझा वेगळाच छळ. शेजारचा दोघांशी बोलत असला तर मी वाचू शकते. फोनवर बोलत असला की नाही. समोरचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मी आपोआप बांधत बसते. परवा तो म्हणाला, "नाही हो, ती कशी तयार होईल?" आणि मी अख्खं पान वाचून काढलं, एकही चूक न पकडता. कोण ती? कशाला तयार?

---

अर्धवट_पीएचडी | मंगळवार, रात्री ११:२०

😄 याला इंग्रजीत गमतीनं 'हाफालॉग' म्हणतात. एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं. संभाषणाच्या दोन्ही बाजू ऐकवल्या किंवा एकट्याचं भाषण ऐकवलं तर लक्षाच्या कामात फारसं बिघडलं नाही; एकच बाजू ऐकवली की बिघडलं. पुढचा शब्द कधी येणार, काय येणार, याचा अंदाज लागत नाही म्हणून. आता दर दुसरा माणूस व्हिडिओ मीटिंगमध्ये हेडफोन लावून बसतो, म्हणजे सगळा हॉल अर्ध्या संभाषणांनी भरलेला. वर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्यानं बोलतात.

---

सरळसोट | बुधवार, सकाळी ८:३०

आवाज बंद करणारे हेडफोन?

---

ध्वनीवेडा | बुधवार, सकाळी ८:४८

ते घरघर उत्तम खातात, बोलणं तेवढं खात नाहीत. खालच्या पट्टीचा, एकसुरी आवाज उलट्या लाटेनं मारणं सोपं असतं. बोलणं वरच्या पट्टीत, क्षणाक्षणाला बदलणारं. त्यामुळे नुसते लावले तर टाचणीताईंच्या बाबतीत जे एसीनं केलं तेच होईल: घरघर जाईल आणि मेहुणा उरेल. त्यात हलकी खरखर किंवा पाण्याचा आवाज मिसळला तर मात्र जमतं. फिनलंडमध्येच २०११ मध्ये पाच प्रकारचे झाकणारे आवाज ताडून बघितले होते, त्यात झऱ्याचं पाणी लोकांना सर्वात मानवलं. ४५ डेसिबलच्या आसपास थांबायचं, त्यावर गेलं की झाकणारा आवाजच तक्रारीचा विषय होतो.

---

खुर्चीवरचा | बुधवार, दुपारी १२:१५

मी व्यवस्थापनात आहे, शिव्या खायला तयार आहे. मोकळा हॉल नुसता जागा वाचवायला नसतो. लोकांनी एकमेकांशी बोलावं, भिंतींमुळे कामं अडू नयेत, हा हेतू प्रामाणिक असतो. प्रत्येकाला खोली देता येत नाही.

---

खडूस_ऑडिटर | बुधवार, दुपारी १२:३०

बोलतात का पण? बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती पाडण्याआधी आणि नंतर लोकांच्या गळ्यात सेन्सर अडकवून मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी *कमी* झालं आणि मेल वाढल्या. माणूस उघड्यावर बसवला की तो हेडफोनची भिंत बांधतो. आमच्याकडे तर शेजारच्या खुर्चीवरचा मला मेसेज पाठवतो आणि मग मी वाचला का ते बघायला मान वळवतो.

---

खुर्चीवरचा | बुधवार, दुपारी १२:५५

हे आमच्याकडेही होतं. कबूल. पण मग मी उद्या सकाळी नेमकं काय करू? बजेट शून्य धरा.

---

ध्वनीवेडा | बुधवार, दुपारी १:३०

शून्यात होण्यासारखं: फोनवाली टीम आणि आकडेवाली टीम शेजारी बसवू नका. आपली डोकी खात्यांचा तक्ता बघून टेबलं लावतात. आवाज बघून लावा. कोण दिवसभर बोलतं आणि कोण दिवसभर मोजतं. एक छोटी बंद खोली फोनसाठी मोकळी ठेवा आणि तिथे साहेबांची मीटिंग ठेवू नका. बजेट आलं की आधी आवाज शोषणारं मऊ छत, मग टेबलांमधले पडदे, आणि झाकणारा आवाज सगळ्यात शेवटी. नुसतं छत मऊ केलंत आणि बाकी काहीच नाही, तर टाचणीताईंसारखं होतं: हॉल शांत, बोलणं लख्ख.

---

अर्धवट_पीएचडी | बुधवार, दुपारी २:१०

एक गोष्ट मी जोडते, कारण ती खरंच फुकट आहे. ग्लास आणि सिंगर यांनी १९७० च्या आसपास लोकांना मध्येच, अवचित, कर्कश आवाज ऐकवले. एका गटाला एक बटण दिलं: असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. आवाज दोन्ही गटांनी तोच, तेवढाच ऐकला. तरी नंतर बटणवाल्यांनी न सुटणाऱ्या कोड्यांशी जास्त वेळ झुंज दिली आणि मुद्रितशोधनात चुका जास्त पकडल्या. बटण फक्त हाताशी होतं.

---

लाल_शाई | बुधवार, दुपारी २:२२

मुद्रितशोधन! बघा, आमच्यावर प्रयोग होतात आणि आम्हालाच बटण नाही.

---

टाचणी | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला.

मी आठवडाभर साधी नोंद ठेवली: नंबर परत उचलावा लागला की वहीत एक रेघ, आणि शेजारी वेळ. रेघांची गर्दी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, म्हणजे मागच्या रांगेचे फोन चालू असतात नेमकी तेव्हा. दुपारी त्यांची टीम जेवायला जाते तेव्हा पान जवळजवळ कोरं. ती वही मी ॲडमिनसमोर ठेवली. मोबाइल काढला नाही त्यांनी या वेळी.

दोन गोष्टी झाल्या. फोनवाली रांग हॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवली, माझ्या सहकाऱ्याला तिथे खिडकी मिळाली म्हणून तो खूश आहे. आणि नव्या एसीला पंख्याचे तीन वेग आहेत हे कळलं. बसवणाऱ्यानं तो सर्वात हळू वेगावर ठेवून दिला होता. मधल्या वेगावर बारीक सूं असा आवाज येतो, जुन्याच्या निम्माही नाही. रिमोट आता ॲडमिनच्या कपाटात नाही, आमच्या रांगेत असतो.

कालच्या पानावर चार रेघा. खांदे अजून दुखतात, पण कमी.

---

जुनाट | शुक्रवार, रात्री ९:४०

रिमोट रांगेत ठेवला? आता त्यावरून भांडणं होतील.

---

टाचणी | शुक्रवार, रात्री ९:४३

सुरू झालीत, काका. पण कुजबुजत.